सोवळं, स्वभाव की ओसीडी? आजार नेमका सुरू कुठे होतो?

झुंजुमुंजू | शनिवार, रात्री ११.२०

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. माझी आत्या, वय ६३, सांगलीजवळच्या एका गावात मुलगा-सुनेबरोबर असते. लहानपणापासून सोवळ्याची. आजीचं घरच तसं होतं, धाबळी नेसून स्वयंपाक, बाहेरून आलं की पाय धुवूनच आत, लोणच्याच्या बरणीला कोणी हात लावायचा नाही. आम्हाला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

मे महिन्यात चार दिवस तिच्याकडे राहिले. हात धुवायला गेली की आधी नळ धुते, मग हात, मग हाताचा फेस नळाला लागला म्हणून परत नळ, मग नळाला हात लागला म्हणून परत हात. घड्याळ समोरच होतं, एका वेळी अकरा मिनिटं. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलवटलीये, लाल झालीये, आणि त्यावर खोबरेल तेल लावू देत नाही कारण तेलकट हात म्हणजे परत धुणं आलं. साडेसहाला आंघोळीला गेलेली बाई पावणेनऊला बाहेर. सुनेला दिवसातून वीस वेळा "तू शिवलीस का गं याला?" सख्ख्या पुतणीच्या लग्नाला गेली नाही, कारण काय तर कार्यालयातलं बाथरूम.

घरचे म्हणतात ती पहिल्यापासून तशीच, स्वभाव आहे. आतेभावाला डॉक्टर म्हटलं तर भडकला, "वेडी आहे का ती?"

पण शेवटच्या रात्री दोघीच गच्चीवर होतो तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "मला कळतं गं हात स्वच्छ आहेत ते. पण आतून कोणीतरी म्हणतं, अजून नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं, हेच का ते? रीत, स्वभाव आणि आजार यात रेघ कुठे मारायची? आणि मारायची कोणी?

गप्पिष्ट | शनिवार, रात्री ११.४१

हाहा मग मला पण ओसीडी आहे, कपाटात शर्ट रंगाप्रमाणे लावल्याशिवाय झोप येत नाही ;) सिरियसली सांगायचं तर वय झालं की लोकं अशीच होतात, चालायचंच.

तीनदाकुलूप | रविवार, रात्री १२.०५

गप्पिष्ट, राग मानू नका पण हा जोक मी वर्षाला चाळीस वेळा ऐकतो. शर्ट लावून झाले की तुम्हाला छान वाटतं ना? तिथेच फरक आहे. मी सात वर्षांपूर्वी स्वारगेटहून सातारला निघालो होतो, कुलूप लावलं होतं, तीनदा ओढून बघितलं होतं, तरी कात्रजच्या बोगद्यात छाती धडधडायला लागली की गॅस चालू राहिला, खेड शिवापूरला बसमधून उतरून रिक्षाने परत आलो, गॅस बंदच होता, परत कुलूप लावलं, परत ओढलं, आणि जिन्यातच बसून रडलो कारण मला माहीत होतं की आता खाली गेलो की परत तेच. कुलूप ओढून बरं कधीच वाटलं नाही, फक्त भीती पंधरा मिनिटं पुढे ढकलली जायची.

आणि हे हात-कुलूप तरी लोकांना सांगता येतं. मला त्या काळात भाचीला सुरी लागेल, म्हणजे माझ्याच हातून, असे विचार यायचे. लहान पोर, जीव आहे तिच्यावर. मी घरातल्या सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या होत्या. अडीच वर्षं कोणाला सांगितलं नाही, वाटायचं आपण राक्षस आहोत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हा ओसीडीचाच एक नेहमीचा प्रकार, आणि हे विचार मनाविरुद्ध येतात म्हणून तर माणूस एवढा घाबरतो. झुंजुमुंजूताई, तुमच्या आत्यांचं वाक्य मी जसंच्या तसं बोललोय.

मनमोकळी | रविवार, सकाळी ८.३०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. धाग्यावर निदान करणार नाही, ते आत्यांना समोर बसवूनच होतं. पण रेघेचा प्रश्न चांगलाय म्हणून लिहिते.

ढोबळ हिशोब असा की नुसतं वागणं विचित्र असणं पुरत नाही. विचार, भावना किंवा वागणं सांभाळणारी आतली यंत्रणा कुठेतरी बिघडलेली असली पाहिजे, आणि त्याने माणसाला खूप त्रास तरी होत असला पाहिजे किंवा रोजचं जगणं तरी अडत असलं पाहिजे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना डीएसएम नावाची मनोविकारांची निदानपुस्तिका काढते, त्यातल्या व्याख्येचा गाभा हाच आहे. त्यातच पुढे असंही आहे की जवळचं माणूस गेल्यावर होणाऱ्या दुःखासारखी अपेक्षित किंवा आपल्या संस्कृतीला मान्य असलेली प्रतिक्रिया म्हणजे विकार नाही, आणि समाजाच्या चालीबाहेर वागणं हाही आपोआप विकार होत नाही. ओसीडीसाठी तर वेळेचा अंदाजही दिलाय, हे विचार आणि कृती दिवसाचा साधारण तासाहून जास्त वेळ खातात, किंवा त्यांनी चांगलाच त्रास होतो, कामं अडतात.

आता सोवळं. माझ्याकडे अशी कुटुंबं येतात तेव्हा मी घड्याळ नंतर बघते, आधी घरातल्या दुसऱ्या सोवळं पाळणाऱ्या बाईला विचारते, "तुमच्यात किती पुरतं?" ती पटकन सांगते, एकदा डोक्यावरून पाणी घेतलं, धूतवस्त्र नेसलं की झालं. सोवळ्याला शेवट असतो. नियम सगळ्यांचा मिळून असतो, आणि तो पाळला की मन शांत होतं. मंत्रचळात शेवटच सापडत नाही, नियम एकटीचा होतो आणि रोज वाढत जातो. ज्या दिवशी त्याच रीतीतली जाऊ म्हणते "पुरे आता, एवढं आमच्यात नसतं", त्या दिवशी मी कान टवकारते.

झुंजुमुंजू | रविवार, सकाळी ९.१०

अगं बाई, मंत्रचळ! आजी म्हणायची हा शब्द, मला वाटायचं शिवीच आहे काहीतरी.

मनमोकळी | रविवार, सकाळी ९.२५

शिवी नाही हो. मंत्र म्हणताना चूक झाली की काय या शंकेने माणूस परत परत तेच म्हणत बसतो, त्याला डोकं चळलं म्हणायचे, तिथला शब्द असं सांगतात. मराठीत ओसीडीला अजूनही मंत्रचळेपणा म्हणतात. मला तर पाठ्यपुस्तकी नावापेक्षा हाच आवडतो, कारण शंका आणि पुनरावृत्ती दोन्ही त्यात आहेत.

उगाचच | रविवार, दुपारी १.५०

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून विरोधी सूर लावतो. मधुमेहाला साखर मोजता येते, यात काय मोजता? रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही, बाहेर कमिटी बसते आणि ठरवते. १८५१ मध्ये कार्टराईट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रेपेटोमेनिया' हा आजार लावला होता, म्हणजे गुलामीतून पळावंसं वाटणं हाच रोग, आणि उपचार काय तर चाबूक. समलैंगिकता १९७३ पर्यंत आजारांच्या यादीत होती, मग काढली, ते पण मतदान करून. मतदानाने बरा होणारा आजार जगात दुसरा दाखवा. थॉमस झाझ स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, तो १९६० पासून सांगत होता की मानसिक आजार हे मिथक आहे, जगण्यातल्या अडचणींना आपण रोगाचं नाव देतो. आमच्या आजीच्या पिढीत होते का हे सगळे डिसऑर्डर? गोळ्या खपवायच्या आहेत, दुसरं काही नाही.

तीनदाकुलूप | रविवार, दुपारी २.१५

झाझसाहेबांना आमच्या जिन्यात आणून बसवायला हवं होतं.

निळीछत्री | रविवार, रात्री १०.३०

उगाचच, तुम्ही उदाहरण म्हणून जे वापरलंत ते मी आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

२००९ मध्ये वडील मला एका डॉक्टरकडे घेऊन गेले, शहर आणि नाव नको. तेव्हा मी २१ चा. डॉक्टर म्हणाले सुधारता येईल, आणि आठ महिने 'सुधारणा' चालली. तेव्हा मला त्रास होत होता का? प्रचंड. झोप नाही, जेवण नाही, कॉलेज बुडालं. म्हणजे मनमोकळी म्हणतात ते त्रास आणि अडणं दोन्ही होतं. पण तो त्रास कशाचा? वडिलांच्या ओरडण्याचा, त्या खोलीचा, आईच्या गप्प बसण्याचा. मी जसा आहे त्याचा नव्हता. व्याख्येतली खरी मेख इथे आहे असं मला वाटतं, त्रास मोजायचा तर आधी तो आतून येतोय की बाहेरून लादलाय ते बघायला लागतं.

आणि मतदानाबद्दल. १९७३ च्या डिसेंबरात अमेरिकन संघटनेच्या विश्वस्त मंडळाने तो निर्णय घेतला. मतदान झालं ते पुढच्या वर्षी, निर्णय फिरवायला निघालेल्या सभासदांनी मागितलं म्हणून, आणि ५८ टक्क्यांनी निर्णय कायम ठेवला. त्याच्या आधी १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या बाईंनी समलैंगिक आणि इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्या नावं झाकून तज्ज्ञांसमोर ठेवल्या होत्या, आणि तज्ज्ञांना कोण कुठला ते ओळखता आलं नव्हतं. म्हणजे पुरावा आधी आला, हात वर करणं नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १७ मे १९९० पर्यंत वेळ घेतला आणि आपल्याकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पडायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. मी गेली चार वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या घेतो. ते वडिलांनी दिलं नाही, कमिटीने दिलं नाही. नोकरी उत्तम, पार्टनर चांगला, घरी सगळं निवळलेलं, आणि तरी एका जूनमध्ये मी सोळा दिवस अंथरुणातून उठून दात घासू शकलो नाही. एकदा चुकीचं लेबल लागलं म्हणून दुसरं खरं असूच शकत नाही असं होत नाही. मला दोन्ही मिळालीत, फरक कळतो.

झुंजुमुंजू | रविवार, रात्री १०.५२

_/\_

उगाचच | रविवार, रात्री ११.१५

निळीछत्री, मतदानाचा तपशील मला अर्धवट माहीत होता, मान्य. 'बाहेरून लादलेला त्रास' हा मुद्दा पण घेतला. पण रक्ताच्या टेस्टचा प्रश्न तसाच आहे.

मनमोकळी | सोमवार, सकाळी ७.४५

तसाच आहे, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. टेस्ट नाही. अर्धशिशीलाही रक्ताची टेस्ट नाही, डॉक्टर तुमचं ऐकूनच ठरवतात, पण अर्धशिशीला कोणी थोतांड म्हणत नाही. आमच्याकडे लक्षणांची यादी, मुदत आणि तीव्रता यावर काम चालतं. उदाहरणार्थ नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं, किमान दोन आठवडे, आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक हवंच. पाचच का, चार का नाही? हो, ती रेघ माणसांनीच मारलीये. ब्लडप्रेशरचा आकडासुद्धा माणसांनीच ठरवलाय, अमेरिकेत २०१७ मध्ये तो १४० वरून १३० वर आणला तर एका रात्रीत कितीतरी लोक पेशंट झाले.

आजीच्या पिढीत होते का, तर होते, नावं वेगळी होती. अंगात शिरलंय, बाहेरचं झालंय, डोक्यावर परिणाम झालाय, खूळ लागलंय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. (सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपण लगेच कॉलर ताठ करू नये.) गोळ्या खपवायचा आरोप काही ठिकाणी खराही आहे, पण सांगलीजवळच्या गावात प्रश्न उलटा आहे, तिथे पोचतच नाहीत.

साताराकर_काका | सोमवार, सकाळी ११.००

अंगात येण्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या गल्लीतल्या एक बाई, काळूबाईच्या यात्रेला मांढरदेवीला जायच्या. हलगी वाजली की केस मोकळे, घुमायला लागायच्या, चार माणसांना आवरायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खुरपं घेऊन भांगलायला हजर, मजुरीचा हिशोब आणा-पैशात चोख. पुढे त्यांची सून आली, तिच्याही अंगात यायला लागलं, पण तिचं यात्रेत नाही, कधीही. चूल पेटवताना, पाणी भरताना. ती पोरगी घुमून झाली की घाबरून कोपऱ्यात बसायची. सासूच म्हणाली, "हे देवीचं न्हाई, पोरगी आजारी हाय." न शिकलेली बाई, पण तिने बरोबर ओळखलं. नंतर कळलं त्या पोरीला माहेरी जाऊच देत नव्हते चार वर्षं.

मनमोकळी | सोमवार, सकाळी ११.३०

काका, तुमच्या त्या सासूबाईंनी आयसीडी न वाचता आयसीडी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या यादीत अंगात येण्याचा विकार आहे, पण अट अशी की ते मनाविरुद्ध, नको असताना होत असलं पाहिजे, आणि धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगाच्या बाहेर. यात्रेतलं घुमणं त्यात बसत नाही, चुलीपुढचं बसू शकतं. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही जे माहेरचं सांगितलंत ना, निम्मं निदान तिथेच आहे.

तारीखपेतारीख | सोमवार, दुपारी ४.२०

वकील आहे, थोडी कायद्याची भर. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात मानसिक आजार म्हणजे विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरणशक्ती यांचा असा ठळक बिघाड की ज्याने निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या गरजा भागवण्याची ताकद फारच कमी होते. दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास त्यात आहेत, मतिमंदत्व नाही. कलम ३ तर उगाचच यांनी फ्रेम करून लावावं असं आहे: कोणाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, जात, धर्म बघून किंवा तो समाजाच्या नैतिक, धार्मिक मूल्यांना धरून वागत नाही म्हणून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरूनही नाही.

कोर्टात मात्र रोज उलटं बघते. घटस्फोटाच्या अर्जात "पत्नी मनोरुग्ण आहे" हे वाक्य आम्ही चहा मागवावा तसं टाकलेलं असतं, पुरावा काय तर झोपेच्या गोळीची एक चिठ्ठी. म्हणून आतेभाऊ भडकतात त्यात मला नुसतं अज्ञान दिसत नाही, कागदावर नाव चढलं की त्याचा वापर होतो ही भीतीही असते. याच कायद्याप्रमाणे मेडिक्लेममध्ये मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचा आहे, तेही घरी सांगा, पैशाची भाषा लवकर कळते.

परसातलीजास्वंद | मंगळवार, पहाटे ५.१०

न्यू जर्सीहून. इथे तर इन्शुरन्सला कोड दिल्याशिवाय एक सेशन मिळत नाही, ओसीडीचा एफ ४२. आई गेली तेव्हा मी काउन्सेलरकडे गेले, ती म्हणाली तुला आजार नाही, दुःख आहे, पण फॉर्मवर काहीतरी लिहायला लागेल. आता २०२२ पासून डीएसएममध्ये लांबलेल्या शोकाचा विकारही आलाय, मोठ्यांसाठी निदान १२ महिने उलटल्यावर. आयसीडीच्या नव्या आवृत्तीत तेच ६ महिने! मी नवऱ्याला म्हटलं, बघ, आपलं वर्षश्राद्ध डीएसएमशी जुळतं. पण मजा सोडा, सहा की बारा हे दोन मोठ्या संस्थांना एकमताने ठरवता येत नाही, यावरून रेघ किती कच्ची आहे ते कळतं.

उगाचच | मंगळवार, सकाळी १०.०५

तेच तर म्हणतोय केव्हापासून :)

तीनदाकुलूप | मंगळवार, सकाळी १०.४०

रेघ कच्ची असेल, काठावर भांडण होणारच. पण तुमच्या आत्या काठावर नाहीयेत, झुंजुमुंजूताई, सव्वादोन तास आंघोळ आहे ती.

उपचार काय असतात ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला गोळ्या दिल्या, फरक पडायला दोन-अडीच महिने गेले, पहिले तीन आठवडे नुसती मळमळ, सोडणार होतो. आणि जोडीला थेरपी, ज्यात भीतीसमोर मुद्दाम उभं करतात आणि नेहमीची कृती करू देत नाहीत. म्हणजे कुलूप एकदाच लावायचं, ओढायचं नाही, खाली येऊन कट्ट्यावर बसायचं, आणि भीती शंभरपैकी किती ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी ९५, मग ९५, मग ९०, मला वाटलं मरतो आता, चाळीस मिनिटांनी ५५. कोणी काही केलं नव्हतं, मी पण नाही, ती आपोआप उतरली. हे नुसतं सांगून कळत नाही, बसावंच लागतं.

आणि सुनेला एक सांगा. आमची आई मला शांत करायला स्वतः वर जाऊन कुलूप बघून यायची. प्रेमाने करायची, पण त्याने आजार पोसला जात होता. "शिवले नाही हो आई" हे वीस वेळा सांगणं पण त्यातच येतं. पण एकदम बंद करू नका, भांडणं होतील, थेरपिस्टला विचारून हळूहळू.

झुंजुमुंजू | पुढचा शनिवार, रात्री ९.४५

अपडेट. आतेभावाशी बोलताना ओसीडी, डिसऑर्डर, सायकियाट्रिस्ट यातला एकही शब्द वापरला नाही. आत्यालाच फोन केला आणि म्हटलं, आजी ज्याला मंत्रचळ म्हणायची ना, त्याला औषध असतं. ती इतका वेळ गप्प की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "माझ्या मावशीला होता. विहिरीवर बसून असायची दिवसभर. तिला कोणी काही दिलं नाही."

१४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, वहिनीने फोन लावला, मराठीत नीट बोलले, जवळ कुठे जाता येईल ते सांगितलं. गुरुवारी साडेदहाची वेळ मिळालीये. आतेभाऊ गाडी काढतोय, तोंड पाडून का होईना. आत्याची अट आहे, दवाखान्यातल्या खुर्चीवर बसणार नाही, घरून स्वतःचं बस्कर आणणार. चालेल का हो असं?

मनमोकळी | शनिवार, रात्री १०.०२

धावेल. उभं राहायचं म्हणाल्या तरी राहू द्या. पहिल्या दिवशी फक्त येणं महत्त्वाचं.

तीनदाकुलूप | शनिवार, रात्री १०.२०

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लावलेल्या कुलपाचा फोटो मोबाईलमध्ये काढून नेला होता. वेटिंगमध्ये चौदा वेळा बघितला. डॉक्टरांनी आत गेल्या गेल्या तोच मागितला, "दाखवा बघू कुठलं कुलूप?"